स्प्रिंग सगळ्यात शेवटी: ट्रॅप मशीन चकत्या फोडते तेव्हा काय तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. क्लबनं वापरलेली ऑटोमॅटिक ट्रॅप मशीन, म्हणजे बंदुकीच्या नेमबाजीसाठी हवेत चकत्या फेकणारी मशीन, घेतली, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. सुरुवातीला नीट चालली. आता अधूनमधून चकती मशीनवरच फुटते, काही चकत्या हवेत डगमगत जातात आणि थ्रो कधी लांब पडतो, कधी आखूड. क्लबात दोन तट पडलेत: एक म्हणतो स्प्रिंग ढिली झाली, आवळा, दुसरा म्हणतो मोटर गेली, बदला. शिवाय पुढची मशीन कुठल्या प्रकारची घ्यावी, हेही तुम्ही विचारलं आहे.

दोन्ही तटांचं तूर्त ऐकू नका. तुम्ही सांगितलेल्या तीन लक्षणांपैकी एकही आधी स्प्रिंगकडे किंवा मोटरकडे बोट दाखवत नाही. स्प्रिंग आवळली तर थ्रो थोडा लांबेल, सगळ्यांना बरं वाटेल आणि फुटणाऱ्या चकत्या वाढतील. गेली अनेक वर्षं मी या मशीन लावतो, खोलतो आणि दुरुस्त करतो. दुरुस्तीला आलेल्या मशीनची स्प्रिंग आधीच कुणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळून ठेवलेली असते, हे मला इतक्या वेळा दिसलं आहे की हल्ली मी सर्वात आधी तेच बघतो.

पण कशालाही हात लावण्याआधी सुरक्षिततेचं बोलतो, कारण या मशीनमध्ये माणसाचं मनगट मोडण्याइतकी ताकद गुपचूप साठून बसलेली असते. साधा हिशेब करा. चकतीचं वजन १०५ ग्रॅम. ती सेकंदाला ३० मीटर वेगानं, म्हणजे ताशी १०८ किलोमीटरनं सुटली असं धरलं तर तिच्यात सुमारे ४७ ज्यूल ऊर्जा असते. एक किलोचं वजन पावणेपाच मीटरवरून पडल्यावर जेवढी, तेवढी. आणि ही झाली फक्त चकतीची. चकतीला फेकणारा लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा आर्म चकतीपेक्षा कितीतरी जड असतो, त्यामुळे स्प्रिंगमध्ये साठवलेली ऊर्जा याहून बरीच जास्त असते.

ऑटोमॅटिक मशीनचा खरा धोका असा की थ्रो झाला की बहुतेक मशीन लगेच पुन्हा कॉक होऊन, म्हणजे पुढच्या थ्रोसाठी स्प्रिंग ताणून बसतात. बघणाऱ्याला वाटतं मशीन शांत आहे. ती शांत नसते, ताणलेली असते. स्विच बंद केला, बॅटरीची वायर काढली, तरी आर्म तसाच ताणलेला राहतो. म्हणून बॅटरी काढणं ही पहिली पायरी नाही. आधी मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमानं आर्म सोडायचा. काही मशीनमध्ये त्यासाठी वेगळा स्विच असतो, काहींत आर्मची मोटर बंद करून शेवटचा थ्रो द्यावा लागतो. मग वीज तोडायची, रिमोट किंवा बटणाची वायर स्वतःच्या ताब्यात ठेवायची, आणि आर्म विसाव्याच्या जागी आहे, स्प्रिंग सैल आहे, हे लांबूनच डोळ्यांनी पाहून घ्यायचं. एवढं झाल्यावरही मशीनकडे मागूनच जायचं आणि आर्म जेवढा घेर फिरतो त्या घेरात डोकं किंवा हात न्यायचा नाही. अडकलेला तुकडा काढायला लांब लाकडी काठी वापरा. 'एवढा एकच तुकडा आहे' म्हणून बोटं घालणारेच जखमी होतात. ट्रॅप हाऊसमध्ये, म्हणजे मशीन ठेवलेल्या खोलीत किंवा खड्ड्यात, कुणी उतरलं असेल तर वर ठळक रंगाचा झेंडा लागलाच पाहिजे, आणि तो आत उतरणाऱ्यानंच लावायचा व बाहेर आल्यावर त्यानंच काढायचा.

आता मशीनकडे वळू. यातलं कोण काय काम करतं हे एकदा मनात पक्कं बसलं की निम्मं निदान तिथंच होतं.

मोटर चकती फेकत नाही. मोटर गिअरबॉक्समार्फत आर्म मागं नेते आणि स्प्रिंग ताणते. बहुतेक मशीनमध्ये आर्म डेड सेंटरच्या (स्प्रिंग सर्वात जास्त ताणलेली असते त्या बिंदूच्या) जरासा अलीकडे येऊन थांबतो, तिथं एक लहान लिमिट स्विच मोटर बंद करतो. बटण दाबलं की मोटर तेवढंच उरलेलं अंतर ढकलते, स्प्रिंग ताणणारा क्रँक डेड सेंटर ओलांडतो आणि तिथून पुढं सगळं स्प्रिंगच्या हातात जातं. मधल्या एकदिशा क्लचमुळे आर्म मोटरला मागं टाकून मोकळा फिरतो. काही मशीनमध्ये खटका असतो आणि सॉलेनॉइड (विजेवर चालणारं चुंबक) तो ओढतं, पण फेकणारी स्प्रिंगच.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आर्म ठरलेल्या जागी येऊन थांबला असेल तर स्प्रिंग दरवेळी तेवढीच ताणली गेली आहे. मग ती ताणायला मोटरनं एक सेकंद घेतला काय आणि तीन घेतले काय, थ्रो तेवढाच पडायला हवा. मोटर किंवा बॅटरी अशक्त झाली तर मशीन कॉक व्हायला वेळ लावेल, मध्येच अडेल, फ्यूज उडवेल, नेमबाजानं हाक दिल्यावर चकती उशिरा सोडेल. पण थ्रो कधी ७६ मीटर आणि कधी ६० असं होणार नाही. तुमच्या दुसऱ्या तटाचं म्हणणं इथंच बाद होतं.

मग राहिली रबराची पट्टी, आणि माझ्या मते सगळ्या मशीनमध्ये सर्वात दुर्लक्षित भाग हाच आहे. आर्मच्या पुढच्या बाजूला जी पट्टी असते तिला टेकून चकती आडवी ठेवलेली असते. आर्म सुटला की चकती त्या पट्टीवरून टोकाकडे गडगडत जाते. घसरत नाही, गडगडते. पट्टीच्या पकडीमुळे तिला गिरकी मिळते आणि त्या गिरकीमुळेच ती हवेत आडवी, स्थिर राहते. वरचा घुमट आणि ही गिरकी मिळून तिला हवेवर तोलून धरतात. पट्टी गुळगुळीत झाली, ओली झाली किंवा तिच्यावर तेल-ग्रीस लागलं की चकती गडगडण्याऐवजी घसरते. गिरकी कमी पडते, चकती डगमगते, डगमगणारी चकती हवेचा रोध जास्त खाते आणि आखूड पडते. तुमची तीनपैकी दोन लक्षणं या एकाच पट्टीतून येऊ शकतात.

तपासणी सोपी आहे. मशीन वर सांगितल्याप्रमाणे निर्धोक करा. पट्टीवरून नख फिरवा. नवी पट्टी नखाला अडवते; झिजलेलीवर नख सरकतं आणि बहुधा मधल्या पट्ट्यात चकाकणारी एक लांब रेघ दिसते. तिथं चकत्यांचा काळा डांबरी थर बसलेला असतो. नुसता थर असेल तर कोरड्या खरखरीत कापडानं घासून काढा, गरज पडली तर बारीक सँडपेपर हलक्या हातानं. खाच पडली असेल, कडा उचलली असेल किंवा रबर कडक होऊन तडकलं असेल तर पट्टी बदलाच. ही मशीनमधल्या सर्वात स्वस्त भागांपैकी एक आहे आणि लोक तिच्याऐवजी मोटर बदलतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. नवी पट्टी बसवल्यावर तिच्यावर खडू घासून एक थ्रो घ्या आणि मशीन पुन्हा निर्धोक करून बघा. खडू पुसल्याची रेघ सलग, टोकापर्यंत गेलेली हवी. मध्ये तुटक असेल तर चकती उड्या मारत गेली आहे, म्हणजे पट्टी सरळ बसलेली नाही किंवा आर्मची उंची चुकली आहे.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो: प्लेटवर (जिच्यावर चकती येऊन बसते) किंवा पट्टीवर कधीही तेल फवारू नका. मशीन अडखळते म्हणून कुणीतरी हौसेनं स्प्रे मारतो आणि पुढचे कित्येक थ्रो घसरत जातात. तेल-ग्रीस बेअरिंगला, गिअरला, स्प्रिंगच्या आकड्यांना. चकती जिथं जिथं टेकते ती जागा कोरडी आणि स्वच्छ. सकाळी दव पडलेलं असेल तर पहिल्या थ्रोआधी पट्टी पुसून घ्या.

आता फुटण्याचं. चकती फुटते, एवढं पुरेसं नाही. ती कुठं फुटते हे बघायला हवं. आणि त्यासाठी तिच्या स्वभावातली एक अडचण समजून घ्यावी लागते. १८६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत नेमबाजीसाठी काचेचे गोळे फेकत. त्या काळचा नामवंत नेमबाज ॲडम बोगार्डस यानं १८७७ मध्ये असे गोळे फेकणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. गोळा तरंगत नाही, नुसता वर जाऊन खाली पडतो. १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीनं भाजलेल्या मातीची चपटी चकती आणली. ती छान तरंगायची, पण इतकी कडक की छर्रे लागूनही कधीकधी फुटत नसे. पुढं माती गेली आणि डांबरासारखा पिच व चुनखडीची भुकटी यांचं मिश्रण आलं, तेच आज चालतं. म्हणजे ही वस्तू मुद्दाम अशी बनवलेली आहे की आर्मचा दणका सोसावा, पण चार-दोन छर्रे लागताच फुटावी. मधली जागा फार अरुंद आहे. मशीन थोडी बिघडली की चकती त्या अरुंद जागेतून बाहेर पडते.

तर कुठं फुटते ते असं ओळखा. थ्रो होण्याआधीच प्लेटवर अर्धचंद्रासारखे कडेचे तुकडे दिसत असतील तर दोष मॅगझिनच्या, म्हणजे चकत्यांच्या चळती ठेवायच्या फिरत्या भागाच्या, खालच्या बाजूला आहे. तिथं चळतीतली सर्वात खालची चकती सुटी करून खाली सोडतात आणि वरच्या धरून ठेवतात. ही उंची मिलिमीटरच्या अंशांत जुळवलेली असते. आंतरराष्ट्रीय नियमांच्या चकतीचा व्यास ११० मिलिमीटर, उंची २५ ते २६ आणि वजन १०५ ग्रॅम, त्यात ५ ग्रॅम इकडे-तिकडे चालतं. एवढ्या चौकटीतही एका कंपनीची चकती दुसरीपेक्षा किंचित उंच असते, कडेचा आकार वेगळा असतो. म्हणून एका मॅगझिनमध्ये दोन कंपन्यांच्या चकत्या मिसळू नका. नवी कंपनी आणली की सोडणारी यंत्रणा पुन्हा जुळवून घ्या. क्लबात अर्धी उरलेली खोकी एकत्र ओतायची सवय असते, आणि 'दर दहा-बाराला एक फुटते' असा प्रकार बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो.

तुकड्यांचा मारा मशीनच्या पुढं काही मीटरांवर पंख्यासारखा पसरत असेल तर चकती आर्मवर फुटते आहे. इथं तीन गोष्टी बघा. पहिली, आर्म आणि प्लेट यांमधली फट. ती संपूर्ण घेरात सारखी, अगदी थोडी आणि पुस्तिकेत दिली आहे तेवढीच हवी. आर्म प्लेटला घासत असेल तर प्लेटवर चकाकणारी कमान उमटते. फार वर असेल तर दणका चकतीच्या कडेच्या जाड भागावर न बसता वरच्या पातळ भागावर बसतो. दुसरी, आर्मच्या शाफ्टच्या बेअरिंगमधली ढिलाई. स्प्रिंग पूर्ण सैल करून, वीज तोडून आर्मचं टोक वर-खाली हलवून पाहा. टोकाला जाणवेल इतका खेळ असेल तर थांबलेल्या आर्मची फट कितीही नीट लावा, फिरताना ती बदलणारच.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: चकती प्लेटवर पडल्यावर जागेवर थांबते का? मशीन पुढून उचललेली असते, प्लेट तिरकी असते. चकती घरंगळू नये म्हणून तिथं ब्रश किंवा रबराचा लहानसा अडथळा असतो. तो झिजला की चकती कधी आर्मला टेकून राहते, कधी दोन बोटं पुढं सरकते. टेकलेली चकती आर्मबरोबर वेग घेते. सरकलेलीला आधीच वेगात आलेला आर्म येऊन धडकतो. ती फुटते, आणि नाही फुटली तर भलत्याच ठिकाणाहून सुटून भलत्याच कोनात, भलत्याच अंतरावर जाते. तुमची मशीन वापरलेली आहे आणि तिन्ही लक्षणं एकदम आहेत, म्हणून माझा पहिला संशय या ब्रशवर आणि पट्टीवर आहे. मशीनच्या मागं, घेराच्या बाहेर उभं राहून चकती प्लेटवर पडताना पाहा. आठ-दहा चकत्या सलग बघितल्या तरी कळेल की दरवेळी ती त्याच जागी बसते की नाही.

चकती व्यवस्थित सुटून हवेत काही अंतर गेल्यावर आपोआप फुटत असेल तर मशीनला दोष देऊ नका. तिला आधीच तडा गेलेला असतो, तो गिरकीच्या ताणानं उकलतो. खोकं आपटलं गेलं असेल, थंडीत पिच ठिसूळ झालं असेल. बोटाच्या टोकावर चकती तोलून नखानं टिचकी मारा: अखंड चकती खणखणीत वाजते, तडकलेली बद्द वाजते. उन्हाचा त्रास याच्या उलट. पिच मऊ होतं, चळतीतल्या चकत्या एकमेकींना चिकटतात, खालच्यांचा गोलाकार बिघडतो. भरलेली मॅगझिन दुपारभर उन्हात ठेवू नका, सावली धरा किंवा कापड टाका. खोकी थंड कोरड्या जागी, खोक्यावर जी बाजू वर दाखवली असेल तीच वर ठेवून रचा.

यानंतर मशीनचा पाया. आर्म एका दिशेला झेपावतो तेव्हा मशीनची चौकट उलट दिशेला पिळली जाते. मशीन पक्की बसवलेली नसेल तर स्प्रिंगची काही ऊर्जा मशीन हलवण्यातच जाते, आणि ती दरवेळी सारखी नसते. काँक्रीटमध्ये बोल्ट, किंवा मैदानात स्टँडचे पाय खुंट्यांनी जखडलेले हवेत. पाण्याची पातळी पाहायची लेव्हल ठेवून पायावर खूण करा आणि शंभरेक चकत्यांनंतर पुन्हा ठेवा. बुडबुडा सरकला असेल तर थ्रो का फिरतोय ते तिथंच कळलं.

कोनाचंही तसंच. मशीनचं नाक थोडं खाली आलं तर चकती आखूड पडते आणि सगळे स्प्रिंगकडे धावतात. आधी उंचीचा बोल्ट बघा, त्याचा लॉकनट सैल आहे का बघा. वाराही तपासा. समोरून येणारा वारा चकतीला वर उचलतो, पाठीमागून येणारा तिला खाली दाबतो. म्हणून अंतर कायम वारा नसताना मोजायचं. नियमांतली अंतरंही शांत हवेसाठीच सांगितलेली असतात: ऑलिम्पिक ट्रॅपला (खंदकातून नेमबाजापासून दूर जाणाऱ्या चकत्यांचा प्रकार) ७६ मीटर, आणि चकती मशीनपासून १० मीटरवर असताना तिची उंची तक्त्याप्रमाणे दीड ते साडेतीन मीटर, स्कीटला (दोन बाजूंच्या घरांतून एकमेकींची वाट छेदणाऱ्या चकत्यांचा प्रकार) ६८ मीटर, आणि मैदानाच्या मधल्या खुणेवर, केंद्र ४.६ मीटर उंचीवर असलेल्या ९० सेंटिमीटर व्यासाच्या रिंगणातून चकती गेली पाहिजे. या आकड्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी दिशा आणि उंची लावा, मग अंतर. अंतर आधी लावून बसलात तर उंची बदलताच सगळं पुन्हा करावं लागतं.

मोटरवाल्यांचं काहीच खरं नाही असं मात्र नाही. मशीन हळू कॉक होत असेल तर बॅटरी आणि वायर तपासाच. विसावलेली पूर्ण चार्ज लेड-ॲसिड बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. पण नुसतं हे मोजून फसू नका. मीटर मशीनच्या टर्मिनलवर लावा आणि आर्म ताणला जात असतानाचा आकडा बघा. समजा मोटर त्या क्षणी ३० अँपिअर खेचते आणि तुम्ही २.५ चौरस मिलिमीटरची वायर १० मीटर लांब नेली आहे. जाऊन-येऊन २० मीटर तांबं, रोध सुमारे ०.१४ ओहम, म्हणजे ४ व्होल्टपेक्षा जास्त वायरीतच संपले. मोटरला ८ व्होल्ट मिळाले तर ती बिचारी काय करणार. हीच वायर १६ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट पाऊण व्होल्टच्या आत येते. सर्वात चांगलं म्हणजे बॅटरी मशीनजवळ ठेवा आणि लांब न्यायची असेल ती फक्त बटणाची बारीक वायर न्या, तिच्यातून विशेष प्रवाह जातच नाही. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर घासून काढा.

अशक्त बॅटरीचा एक आडून परिणाम मात्र होतो. फिरती मॅगझिन पुढची चळत आणायला उशीर करते आणि चकती नीट विसावण्याआधी कुणी बटण दाबलं तर ती फुटते. दोन थ्रोंमध्ये एक श्वास जास्त थांबून पाहा. थांबल्यावर फुटणं बंद झालं तर कारण सापडलं.

दोन लक्षणं दिसली तर मशीन तत्काळ बंद करा, पुढचा प्रयोग करू नका. कॉक होताना आर्म मध्येच मागं सुटत असेल तर एकदिशा क्लच धरत नाही. आणि बटण न दाबता मशीन सुटत असेल तर लिमिट स्विच आर्मला डेड सेंटरच्या फार जवळ थांबवतोय, किंवा बटणाची वायर कुठंतरी जुळते आहे. ही दोन्ही कामं जाणकाराकडूनच करून घ्या.

एवढं सगळं करून झाल्यावर, आणि तेव्हाच, स्प्रिंग. आधी ती बघा: वेटोळ्यांमध्ये गंज, विसाव्यातही एखाद्या ठिकाणी उघडलेली वेटोळी, आणि विशेष करून दोन्ही टोकांचे आकडे. स्प्रिंग मधोमध क्वचित तुटते. आकडा ज्या डोळ्यात अडकतो तिथं झिजून खाच पडते आणि तिथंच तुटते. खाच दिसली की बदला, आणि बदलताना त्याच मशीनसाठी बनवलेलीच घ्या. जाडीला सारखी दिसणारी दुसरी कुठली तरी स्प्रिंग आर्म, क्लच, गिअरबॉक्स सगळ्यांवर वेगळाच भार टाकते.

स्प्रिंग ठीक असेल आणि शांत हवेत, कोन बरोबर असताना थ्रो दरवेळी सारखाच पण आखूड पडत असेल, तर ताण वाढवायचा. 'दरवेळी सारखाच' हे शब्द महत्त्वाचे आहेत. स्प्रिंग थकते ती हळूहळू आणि सगळ्या थ्रोंना सारखीच थकते; एक लांब आणि एक आखूड असा खेळ ती करत नाही. आवळण्याआधी बोल्टच्या आट्यांचा बाहेर आलेला भाग मोजून वहीत लिहा. मशीन निर्धोक करा, नट अर्धा फेरा, लॉकनट घट्ट, पाच थ्रो, मोजा. पुन्हा निर्धोक, पुन्हा अर्धा फेरा. हवं ते अंतर आलं की तिथंच थांबा. थोडं जास्त ठेवून देऊ, असं नको: त्या थोड्याशा ताणासाठी प्रत्येक कॉकला मोटर जास्त प्रवाह खाते आणि प्रत्येक चकतीला जास्त दणका बसतो. तुमची स्प्रिंग आधीच कुणी आवळली असेल तर पट्टी आणि ब्रश बदलल्यावर थ्रो ७६ च्या पुढं जाईल. तेव्हा अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं सैल करत या. दिवस संपल्यावर मशीन कॉक अवस्थेत कधीच सोडून जाऊ नका, हे स्प्रिंगसाठी आणि त्याहून जास्त दुसऱ्या दिवशी येणाऱ्या माणसासाठी.

दुसरी मशीन कोणती, हे तुम्ही काय खेळणार यावर आहे. ऑलिम्पिक ट्रॅपच्या खंदकात १५ मशीन लागतात, तीन-तीनच्या पाच गटांत, आणि प्रत्येक मशीनची दिशा ठरलेली असते. लहान क्लबनं तिथून सुरुवात करू नये. स्कीटला दोन स्थिर मशीन पुरतात, एक उंच घरात आणि एक खालच्या. एकाच मशीननं डावी-उजवी आणि वर-खाली डोलत चकत्या फेकायच्या असतील तर डोलणारी मशीन येते, आणि सगळ्यांना तीच आकर्षक वाटते. माझं मत वेगळं आहे. डोलवणाऱ्या यंत्रणेत आणखी एक मोटर, आणखी सांधे आणि झिजणारे भाग असतात, आणि थ्रो बिघडला की दोष मशीनचा की डोलण्याचा हे ओळखणं नवख्याला अवघड जातं. शिकणाऱ्यांसाठी एक चांगली, जड पायाची, स्थिर मशीन जास्त उपयोगी. तीच चकती त्याच वाटेनं पुन्हा पुन्हा आली तरच शिकणाऱ्याला आपण मागं राहतोय की पुढं जातोय हे समजतं. ससा म्हणून जमिनीवरून गडगडत जाणाऱ्या कडेवरच्या चकत्या, सरळ आभाळात जाणाऱ्या टीलच्या चकत्या, ९० मिलिमीटरच्या मिडी, ६० च्या मिनी, हे सगळं नंतर; त्यांना बहुधा वेगळी मशीन किंवा वेगळी जुळवणी लागते.

हातानं ताणायच्या मशीनला कमी लेखू नका. सराव थोडा असेल आणि चालवणारा माणूस भरवशाचा असेल तर तिच्यात बिघडण्यासारखं फारच थोडं असतं. फक्त तिला आर्मच्या घेराभोवती कडं हवं आणि चालवणाऱ्यानं बसायची जागा पक्की हवी.

वापरलेली मशीन बघायला गेलात तर मॅगझिन किती चकत्यांची आहे हे शेवटी विचारा. आधी ती पूर्ण सैल करायला सांगा आणि आर्मचं टोक हलवून बघा. स्प्रिंगचे आकडे बघा, पट्टीवर नख फिरवा, ताणाच्या बोल्टच्या आट्या किती उरल्या आहेत ते बघा: नट शेवटच्या आट्यांपर्यंत पोचला असेल तर आधीच्या मालकानं प्रत्येक दुखण्यावर तोच एक उपाय केलेला आहे. मग तुम्ही स्वतः नेलेल्या, एकाच कंपनीच्या २५ चकत्या फेकून दाखवायला सांगा आणि त्या उडताना न बघता प्लेटवर कशा विसावतात ते बघत उभे राहा.